शंकर नगरचा कॅफे, रविवारची बैठक आणि बरणीतला देव

पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा कुठे कापला ते खाली येईलच, पण आधीच सांगून ठेवते की या रिव्ह्यूत सुपरनॅचरल या अमेरिकन सिरीयलचं (इथल्या रविवारच्या बैठकीचा विषय तोच) सगळं रहस्य उघडं केलंय, तेव्हा ज्यांना ती अजून बघायची आहे त्यांनी पुढचे दोन पॅरे खाण्यापिण्याचे वाचा आणि तिथेच थांबा, सिरीयल पूर्ण करा आणि मग या.

खायला पुडाची वडी मागवा. गरम तळून आणतात, आत सांबार भरपूर (पुण्यामुंबईवाल्यांसाठी सांगते, आमच्याकडे नागपुरात कोथिंबिरीला सांबार म्हणतात), खसखस-खोबऱ्याचं सारण कोरडं, वरचं आवरण पातळ, आणि बोलता बोलता तासभर प्लेटमध्ये पडून राहिली तरी मऊ पडत नाही. चहा आल्याचा, कडक, मागाल तेवढा परत भरून देतात. तर्री पोहे फक्त सकाळी, बरे आहेत, पण कस्तुरचंद पार्कच्या तर्रीची सर नाही आणि ते कॅफेवाल्या दादांना पण माहीत आहे. कोल्ड कॉफी घेऊ नका, फार गोड असते, दोनदा सांगून पाहिलं. हिवाळ्यात समोर संत्री पिळून रस देतात, त्यात साखरेचा दाणा नसतो, तो नक्की घ्या.

जागा म्हणजे शंकर नगर चौकाच्या मेट्रो स्टेशनपासून पायी सात-आठ मिनिटांवर, आतल्या गल्लीत, एका जुन्या बंगल्याचा पुढचा भाग. बाहेर कडुनिंब, व्हरांड्याला जाळी, आत नऊ टेबलं. गाडी लावायला जागाच नाही, गल्लीत लावली तर शेजारचे काका बाहेर येऊन बोलतात आणि त्यांचं बरोबरच आहे, त्यामुळे मेट्रोनेच या. आम्ही महालातून ऑटोने सीताबर्डीला येतो आणि तिथून मेट्रो.

आता बैठकीबद्दल, कारण खरं म्हणजे मी रिव्ह्यू त्यासाठीच लिहून राहिली आहे. गेल्या वर्षीच्या जानेवारीत दादांनी दारावर एक कागद लावला होता की दर रविवारी संध्याकाळी सहा ते आठ सुपरनॅचरलवर बोलायचं, घरून पाच एपिसोड बघून यायचे, इथे काही दाखवणार नाही, फक्त बोलायचं, माणशी शंभर रुपये आणि त्यात चहा. मला वाटलं चार रविवार चालेल आणि बंद पडेल. १५ सीझन, ३२७ एपिसोड, आठवड्याला पाच, म्हणजे हिशोब केला तरी सव्वा वर्ष. पण चाललं. दिवाळीचे दोन, गणपतीतला एक आणि एक पावसाचा रविवार सोडला तर एकही बैठक चुकली नाही आणि आता नवतपा (मे अखेरचे सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस) सुरू व्हायच्या आधी शेवटचा एपिसोड झाला.

ज्यांना ही सिरीयल माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, १३ सप्टेंबर २००५ ला अमेरिकेत सुरू झाली, सॅम आणि डीन विंचेस्टर नावाचे दोन भाऊ १९६७ च्या काळ्या इम्पाला गाडीतून गावोगाव फिरतात आणि भुतंखेतं, पिशाच्च, राक्षस यांचा बंदोबस्त करतात. एरिक क्रिपकी या माणसाने ती पाच सीझनची गोष्ट म्हणून आखली होती, पण चालत राहिली आणि १९ नोव्हेंबर २०२० ला संपली. चौथ्या सीझनपासून देवदूत येतात आणि मग प्रश्न येतो की देवदूत आहेत तर देव कुठे आहे. देवदूत स्वतःच सांगतात की आम्हालाही माहीत नाही, तो निघून गेला. बस, इथून पुढे बघणारे दोन गटांत वाटले जातात, देव नाहीच म्हणणारे आणि देव आहे पण आपल्या डोळ्यासमोर वेष बदलून बसलाय म्हणणारे. मी पहिल्या दिवसापासून दुसऱ्या गटात. हॉस्टेलला असताना पाच सीझन बघितले होते, तेव्हा मेसमध्ये जेवण थंड होईपर्यंत आम्ही पोरी यावर भांडायचो, मग शिक्षण संपलं, नोकरी, लग्न, आणि पुढचे सीझन राहून गेले ते गेलेच. उत्तर कुठेही वाचायचं नाही हे मात्र मी इतकी वर्षं पाळलं. एवढं सांभाळून ठेवलेलं माणसांमध्ये बसून उघडायचं होतं, म्हणून मी तो कागद बघून त्याच दिवशी पैसे भरले.

या बैठकीची खरी कमाल म्हणजे ती बरणी. काउंटरवर लोणच्याची चिनी मातीची बरणी ठेवलेली असते, खाली पांढरी वर तपकिरी, आपल्या आज्यांकडे असायची तीच. पाचवा सीझन संपला की प्रत्येकाने एका चिठ्ठीवर लिहायचं की लपलेला देव कोण आणि का, चिठ्ठी बरणीत टाकायची, मग दादा तिच्या तोंडाला फडकं लावून सुतळीने गच्च बांधतात, अगदी लोणचं मुरत घालतात तसं, आणि ती उघडायची थेट अकराव्या सीझनच्या विसाव्या एपिसोडला. ज्यांनी आधी सगळं बघितलंय त्यांना चिठ्ठी नाही, त्यांना सगळे मौनी म्हणतात, त्यांनी बैठकीत बसायचं, चहा प्यायचा, पण या एका विषयावर तोंड उघडायचं नाही. आमच्यात तीन मौनी होते आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघून काही कळतं का हे बघण्यात आमचे कित्येक रविवार गेले. एकदा एका मौनीच्या तोंडून काहीतरी निघता निघता राहिलं, दादांनी काउंटरवरून जोरात टाळी वाजवली, तो गप्प, आणि पुढच्या रविवारी त्याने सगळ्यांसाठी संत्रा बर्फी आणली. इतक्या मनापासून लोक हे पाळतात.

आता थिअऱ्यांबद्दल. चक शर्ली हा माणूस पहिल्यांदा येतो चौथ्या सीझनच्या अठराव्या एपिसोडमध्ये, एप्रिल २००९. दोघा भावांना कळतं की आपल्या आयुष्यावर कुणीतरी पुस्तकं लिहून राहिलं आहे, अगदी आपण एकांतात काय बोललो ते सुद्धा त्यात छापलंय, म्हणून ते लेखकाला शोधत जातात तर दार उघडतो एक विस्कटलेला, दाढी वाढलेला, अंगात गाऊन, दारूच्या बाटल्यांमध्ये राहणारा माणूस. रॉब बेनेडिक्टने हे काम असं केलंय की दहा मिनिटांत आपल्याला त्याची दया येते. आणि हाच माणूस त्या दोघांना बघून घाबरून म्हणतो की मी लिहितो आणि ते खरं होतं, याचा अर्थ मी देवच असणार, एक क्रूर, लहरी देव. ते दोघं म्हणतात नाही बाबा, तू देव नाहीस. मग कॅस्टिएल नावाचा देवदूत येऊन सांगतो की हा प्रेषित आहे, आणि याची पुस्तकं पुढे धर्मग्रंथ होणार आहेत. झालं, बघणाऱ्यांनी मान डोलावली आणि पुढे गेले. पण त्या एपिसोडचं नावच मुळात लहान मुलांच्या एका जुन्या पुस्तकावरून घेतलेलं आहे, ज्यात गोष्ट सांगणारा पूर्ण वेळ मुलांना बजावत असतो की पान उलटू नका, शेवटी राक्षस आहे, आणि शेवटच्या पानावर तो राक्षस म्हणजे गोष्ट सांगणारा स्वतःच निघतो. हे जेव्हा बैठकीत एकीने सांगितलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. नावातच सांगितलं होतं ना!

त्याच रविवारी माझी आई पहिल्यांदा आली. ती यायची नव्हती, पण एप्रिलचा शेवट, महालात दुपारपासून लाइट गेलेली, घरात बसवेना, म्हटलं चल, तिथे कूलर आहे, इन्व्हर्टर आहे, तू शांत बस चहा पी. तिने सिरीयलचा एक मिनिट पण बघितलेला नव्हता. ती कूलरसमोर बसून आमचं ऐकत होती, अर्धं मराठी अर्धं हिंदी जे काय आम्ही बोलतो ते, आणि मध्येच मला म्हणाली, "काय गं, तो गाऊनवाला लिहितो आणि तसंच होतं?" मी म्हटलं हो. "मग तोच देव की."

एक मुलगा म्हणाला, काकू, पण कॅस्टिएल सांगतो ना की हा प्रेषित आहे, देवदूताला तर माहीत असेलच.

आई म्हणाली, "त्याला काय माहीत असते बाप्पा. नाथांच्या घरी श्रीखंड्या बारा वर्षं पाणी भरून राहिला होता, कळलं का नाथांना?"

सगळी टेबलं गप्प. मग आईने पैठणचं सगळं सांगितलं, एकनाथांच्या वाड्यात एक गडी येतो, श्रीखंड्या नावाचा, कावडीने गोदावरीचं पाणी आणून रांजण भरतो, चंदन उगाळतो, वर्षं जातात, मग कुणी द्वारकेहून देवाला शोधत येतो तेव्हा उलगडतं की तो गडी म्हणजे प्रत्यक्ष कृष्ण, पण तोवर श्रीखंड्या गायब. नाथषष्ठीला अजून तो रांजण भरतात. मग दामाजीपंतांची गोष्ट आली, मंगळवेढ्याची कोठारं दुष्काळात लोकांसाठी उघडली म्हणून बिदरच्या बादशहाने पकडायला माणसं पाठवली, तर विठू महार होऊन देवच दरबारात गेला, पैसे मोजले आणि पावती घेऊन आला. सेना न्हावी भजनात रमले तर त्यांची धोकटी उचलून देव राजाची हजामत करायला गेला. जनाबाईचं दळण तर सगळ्यांनाच माहीत. आईचं म्हणणं एवढंच होतं की आपला देव लपतो तेव्हा सगळ्यात फाटक्या माणसात लपतो, म्हणून या तुमच्या गोष्टीत पण सगळ्यात फाटका माणूस शोधा.

पुढच्या रविवारपासून आई नियमाने यायला लागली. घरी मी एपिसोड थांबवून थांबवून मराठीत सांगते आणि ती भाजी निवडत ऐकते.

पाचव्या सीझनमध्ये धागेदोरे इतके आहेत की लिहायला बसलं तर रात्र होईल. कॅस्टिएलच्या चिंधड्या उडतात, चकच्या केसात त्याची दाढ सापडते, तरी कॅस्टिएल जिवंत परत येतो, कुणी आणला ते कुणी सांगत नाही. दोघं भाऊ ल्युसिफर, म्हणजे सैतान, सुटत असताना तिथून उचलले जाऊन विमानात बसलेले सापडतात, ते कुणी केलं? मग कॅस्टिएल डीनच्या गळ्यातला ताईत मागून घेतो, लहानपणी सॅमने नाताळला दिलेला, कारण देव जवळ असला की तो ताईत तापतो म्हणे. डीन त्याला चिडवतो की न्यू मेक्सिकोत जाऊन बघ, तिथे तो कुठल्या टॉर्टियावर दिसतो म्हणतात, आणि कॅस्टिएल अगदी गंभीरपणे सांगतो की नाही, तो कुठल्याही पोळीवर नाहीये. हा सीन आईला इतका आवडला की आता घरात काही हरवलं की ती तेच म्हणते.

पण हा ताईतच चक थिअरीच्या विरोधातला सगळ्यात मोठा मुद्दा होता. डीन तो घालून चकच्या घरात उभा होता, एक हात अंतरावर, आणि ताईत थंडच राहिला. मागच्या टेबलावर बसणारे एक निवृत्त सर आहेत, आयुष्यभर फिजिक्स शिकवलेलं, त्यांनी हा मुद्दा चार रविवार सोडला नाही, ते म्हणायचे मोजायचं यंत्र आकडा दाखवत नाही तर तुम्ही यंत्र सोडून भावनेवर का जाता. आईचं उत्तर ठरलेलं, लपायचं ठरवलं त्याने तर ताईत पण त्याचाच ना. यावर सरांकडे उत्तर नव्हतं आणि आईकडे पुरावा नव्हता, पण दोघं एकमेकांचं शेवटपर्यंत ऐकून घ्यायचे. हे मला दुसरीकडे कुठे मिळत नाही, घरातल्या लग्नकार्यात पण नाही.

बाकीच्या थिअऱ्या पण पोकळ नव्हत्या. एकाचं म्हणणं जोशुआ, म्हणजे स्वर्गातला माळी, कारण देव फक्त त्याच्याशीच बोलतो, आणि विमानात भावांना देवाने बसवलं, कॅस्टिएलला देवाने परत आणलं हे पण जोशुआच सांगतो, एवढं आतलं ज्याला माहीत तो माळी कसा असेल. दोन-तीन जणी कॅस्टिएलवर ठाम होत्या, त्याला स्वतःलाच आठवत नाही म्हणे. एकाने लिहिलं मृत्यू, जो त्या सीझनच्या शेवटी पिझ्झा खात बसलेला असतो आणि शांतपणे सांगतो की एक दिवस देवाला पण मीच न्यायचंय. आणि बारावीतल्या एका पोट्ट्याने लिहिलं इम्पाला, गाडीच देव. आधी सगळ्यांना ते वेगळंच वाटलं, पण त्याने मांडलं काय तर पाचव्या सीझनचा शेवटचा एपिसोड सुरूच होतो गाडीच्या जन्मकथेने, आणि ल्युसिफर अंगात शिरलेल्या सॅमला शुद्ध येते ती गाडीच्या ॲशट्रेत लहानपणी खुपसलेला खेळण्यातला शिपाई बघून, म्हणजे जगाला वाचवलं कुणी, गाडीने. मला हे ऐकून त्याचा अभिमान वाटला, इतकं बारीक बघणारं पोर आहे.

आणि लपलेल्या माणसावर संशय घ्यायला या सिरीयलनेच शिकवलं होतं. दुसऱ्या सीझनपासून जो ट्रिकस्टर म्हणून खोड्या काढत फिरत होता तो पाचव्यात गॅब्रिएल निघतो, प्रत्यक्ष मोठा देवदूत. एकदा हे झालं की मग आपण प्रत्येक हसऱ्या चेहऱ्याकडे शंकेनेच बघतो.

त्याच सीझनचा एक एपिसोड मात्र मला अजिबात आवडला नाही, तो ज्यात जगभरातले देव एका हॉटेलात जमतात, त्यात काली आणि गणेश पण, आणि ल्युसिफर येऊन काली सोडून बाकीच्यांना मारतो. ज्या गावात कामाला निघताना माणूस टेकडीच्या गणपतीला हात जोडून पुढे जातो तिथे बसून हे बघणं जड गेलं. त्या रविवारी आम्ही मोकळेपणाने बोललो, कुणी आरडाओरडा केला नाही, आई म्हणाली ज्याला दुसऱ्याचा देव दाखवता येत नाही त्याने दाखवू नये, आणि विषय संपला.

मग पाचव्या सीझनचा शेवट, १३ मे २०१० ला आलेला. चक पांढऱ्या शर्टात बसून शेवटची ओळ टाइप करतो, ग्लासातून घोट घेतो, समोर बघून हसतो आणि खुर्चीत बसल्या बसल्या नाहीसा होतो. फक्त नाहीसा होतो. कुणी काही सांगत नाही. यानंतर जगभरचे बघणारे सहा वर्षं भांडत होते की तो देव होता का प्रेषित होता म्हणून मेल्यावर वर गेला. २०१४ मध्ये दोनशेव्या एपिसोडला, शाळेतल्या मुली या दोघा भावांवर नाटक बसवतात त्यात, अगदी शेवटी तो क्षणभर दिसतो, नाटक वाईट नव्हतं एवढंच बोलतो आणि जातो. आमच्या बैठकीत त्या रविवारी नुसता कल्ला. तिन्ही मौनी छताकडे बघत बसले होते.

जानेवारीच्या मध्यात अकरावा सीझन, विसावा एपिसोड. ४ मे २०१६ ला आलेला, नाव डोंट कॉल मी शर्ली. त्या रविवारी दादांनी ठरवून सांगितलं होतं की घरी बघून या आणि बरणी उघडेपर्यंत कुणी कुणाशी बोलू नका. व्हरांड्यात थंडी, प्रत्येकाच्या हातात रसाचा ग्लास, आणि तीन मौनी सोडून सतरा माणसं एकमेकांशी न बोलता बसलेली. दादांनी सुतळी सोडवली, गाठ इतकी घट्ट बसली होती की शेवटी कात्री आणावी लागली. फडक्याला आतून लोणच्याचा जुना वास, चिठ्ठ्यांना पण. एकेक काढून मोठ्याने वाचली. नऊ चिठ्ठ्यांवर चक. तीन कॅस्टिएल, दोन जोशुआ, एक मृत्यू, एक इम्पाला. माझी चिठ्ठी नवातलीच, खाली कारण लिहिलेलं, "कारण तो हसला." मला रडू आलं, आणि का आलं ते सांगता येत नाही. हॉस्टेलच्या मेसमधल्या त्या सगळ्या पोरी एकदम आठवल्या.

त्या एपिसोडबद्दल सांगायचं तर तो एका बारमध्ये घडतो, चक मेटाट्रॉनला बोलावून घेतो, जो एकेकाळी देवाचा लेखनिक होता, आणि आपलं आत्मचरित्र वाचायला देतो. मेटाट्रॉन वाचून तोंडावर सांगतो की हे खोटं आहे, तू मुद्द्याचं लिहिलंच नाहीस, तू आम्हाला सोडून का गेलास ते लिही. देवाला प्रश्न विचारणारा कोण, तर शिक्षा भोगून माणूस झालेला, रस्त्यावर आलेला लेखनिक. तिकडे गावात विषारी धुकं पसरलंय, लोक मरून राहिले, आणि अचानक सॅमच्या खिशात तोच ताईत उजळतो, डीनने केव्हाच कचऱ्यात टाकलेला आणि सॅमने गुपचूप जपून ठेवलेला. दोघं बाहेर रस्त्यावर येतात, मेलेली माणसं उठलेली, आणि समोर चक. फिजिक्सचे सर उठून आईजवळ आले आणि म्हणाले, "वहिनी, ताईत त्याचाच होता."

सतरावी चिठ्ठी आईची. दादांनी ती शेवटी काढली. तिने वहीच्या कागदावर तिच्या गोल अक्षरात लिहिलं होतं: "लिहिणारा. पण याच्या खांद्यावर कावड नाही."

तेव्हा सगळ्यांनी वा म्हटलं, टाळ्या वाजवल्या आणि पुढे गेलो, दुसऱ्या ओळीवर कुणी थांबलंच नाही, मी पण नाही. घरी येताना मेट्रोत मी विचारलं तर म्हणाली, "अगं आपला देव लपतो तो काहीतरी करायला लपतो, पाणी भर, दळण दळ, कुणाचं कर्ज फेड. हा नुसता बघून राहिला आहे आणि लिहून राहिला आहे. याचं मला काही खरं वाटत नाही."

मग चौदाव्या सीझनचा शेवट आला, एपिसोड क्रमांक ३०७, मोरिया, २५ एप्रिल २०१९ चा. तोच चक, तोच गोड विस्कटलेला माणूस, भावांच्या हातात बंदूक देतो आणि सांगतो की जॅकला मारा, ज्याला ते पोटच्या पोरासारखं सांभाळत होते. मोरिया म्हणजे तोच डोंगर जिथे अब्राहमला मुलाचा बळी द्यायला सांगितलं होतं. आणि जेव्हा ते नाही म्हणतात तेव्हा त्याचा चेहरा बदलतो, गोष्ट माझ्या मनासारखी होत नाही म्हणून तो नरकाचे दरवाजे उघडून देतो. म्हणजे इतकी वर्षं या दोघांचे आईवडील गेले, मित्र गेले, हे परत परत मेले आणि परत आले, ते सगळं त्याला बघायला मजा येत होती म्हणून. पहिल्याच भेटीत तो स्वतः म्हणाला होता, क्रूर आणि लहरी देव. आम्ही सगळ्यांनी यातला देव तेवढा उचलला आणि बाकीचे दोन शब्द तिथेच सोडून दिले.

जे लोक म्हणतात की शेवटी चकला खलनायक करून सिरीयलने आधीचं सगळं बिघडवलं, त्यांच्याशी मी सहमत नाही. मला त्रास झाला, दोन दिवस मन लागलं नाही, पण ते चुकीचं लिहिलं गेलं असं मला वाटत नाही, कारण माझ्या आईने सीझन पाच झाल्यावर ते चिठ्ठीवर लिहून दिलं होतं. आम्ही सगळे कोण या प्रश्नामागे लागलो होतो. ती पहिल्या दिवसापासून विचारत होती की हा करतो काय. माझी तक्रार असेल तर ती वेगळी आहे, अकराव्या सीझनमध्ये त्याची बहीण अमारा आणि तो यांचं भांडण मिटतं तेव्हा त्याला खरंच पश्चात्ताप झालाय असं दाखवलं आणि मग तीन सीझनांनी ते पुसून टाकलं, तिथे जोड नीट बसलेला नाही. पंधराव्यात जॅक त्याची शक्ती घेतो आणि चकला साधा माणूस करून रस्त्यात सोडून देतात, म्हातारा होणार, आजारी पडणार, कुणाला त्याची आठवण राहणार नाही. आई म्हणाली आता कामाला लागेल.

अर्धा स्टार कूलरचा कापलाय. एप्रिलच्या त्या मोरियाच्या रविवारी तो इतका घरघरत होता की मागच्या तीन टेबलांना काही ऐकूच येत नव्हतं, सर कानाला हात लावून बसले होते आणि इतक्या महत्त्वाच्या चर्चेतलं अर्धं त्यांचं गेलं. दादा, एक तर मोटर बदला नाहीतर कूलर व्हरांड्याच्या बाहेर काढा, इतकं सगळं मनापासून करता तर हे पण करा. वाळ्याच्या ताट्या मात्र बदलू नका, तो वास हवाच.

नवीन बॅच जुलैत सुरू होणार आहे, पहिल्या एपिसोडपासून. या वेळी मी मौनींमध्ये बसणार. आईला पण मौनी व्हायला सांगितलंय तर ती म्हणाली मला गप्प बसणं जमणार नाही, मी वडी खायला येईन आणि बाहेरच्या टेबलावर बसेन. मागच्या रविवारी गेलो तेव्हा बरणी धुऊन व्हरांड्याच्या कठड्यावर उन्हात पालथी घातली होती, आणि काउंटरच्या मागे दरपत्रकाच्या शेजारी आईची चिठ्ठी टाचणीने लावलेली. सिरीयल बघायची असेल तर तिकडे बघू नका, डाव्या बाजूने आत शिरा.